नेरळ ते माथेरान : मेळ कोण घालणार?

मा. संपादक,

सविनय नमस्कार.

माथेरानच्या हातरिक्षा, ई-रिक्षा, जेथे मोटारी सोडून पुढे जावे लागते त्या दस्तुरीच्या वाहनतळावरची कोंडी आणि घोडेवाल्यांचे प्रश्न यांवर गेली काही वर्षे वर्तमानपत्रांतून सातत्याने लिहिले जात आहे आणि प्रत्येक वेळी एकेका वाहनाची बाजू हिरिरीने मांडली जात आहे. मात्र मुंबईहून किंवा पुण्याहून निघालेला प्रवासी आपल्या घरापासून माथेरानच्या बाजारपेठेपर्यंत सलग कसा पोहोचतो, या नजरेने त्या सगळ्या वाहनांकडे एकत्र पाहिलेले निदान माझ्या वाचनात आलेले नाही. माझी सगळी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून झाली (रायगड जिल्ह्यात नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो) आणि बदलापूरला राहत असल्याने नेरळ माझ्यापासून तिसरे स्थानक आहे. वर्षातून तीन-चार वेळा तरी माथेरानला जाणे होते. एक गाडी आली की तिच्यातून उतरलेला माणूस पुढच्या गाडीत कसा आणि किती वेळात बसेल, हे पाहण्यातच आयुष्य गेलेल्या माणसाला या मार्गावर जे खटकते, तेवढेच या पत्रात मांडतो.

ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये हा डोंगर चढून गेले आणि त्यानंतर मुंबईकरांना माथेरानची वाट सापडली. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षे लोक नेरळला उतरून पायी, घोड्यावर किंवा पालखीतून वर जात. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतले आणि १९०४ मध्ये बांधायला घेतलेला रेल्वेमार्ग मार्च १९०७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्या काळात या कामाला १६ लाख रुपये लागले होते. रस्त्याने नेरळ ते दस्तुरी हे अंतर जेमतेम आठ-नऊ किलोमीटरचे आहे, तर नेरळ ते माथेरान हा लोहमार्ग सुमारे एकवीस किलोमीटरचा. कारण दोन फूट रुंदीच्या रुळांवरची ही छोटी गाडी काही ठिकाणी वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर चढते आणि त्यापेक्षा तीव्र चढ तिला झेपत नाही, म्हणून तिला डोंगराभोवती वळसे घेत जावे लागते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानके घेत ती अडीच तासांहून अधिक वेळाने माथेरानला पोहोचते. टॅक्सी हाच घाट पाऊण तासाच्या आत चढून दस्तुरीला उभी राहते.

हे अंतर आणि हा वेळ मुद्दाम सांगितला, कारण मिनीट्रेनबद्दल बोलताना आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. नेरळहून वर जाणारी मिनीट्रेन हा आनंदाचा प्रवास आहे. ज्याला दोन दिवस हाताशी आहेत, मुले बरोबर आहेत आणि खिडकीशी बसून दरी पाहायची आहे, त्याच्यासाठी ती आहे. तिच्या फेऱ्या दिवसाकाठी मोजक्या, डबे मोजके आणि पावसाळ्यात साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो. २००५ च्या जुलैतील अतिवृष्टीने हा मार्ग उखडला, तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. मे २०१६ मध्ये डबे रुळांवरून घसरल्यावर गाडी थांबली आणि संपूर्ण मार्गावर धावायला २०१८ चा जानेवारी उजाडला. २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ वाहून गेले आणि नेरळहून गाडी सुटली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. इतक्या वेळा पडून पुन्हा उभी राहिलेली ही गाडी जपलीच पाहिजे, पण शनिवार-रविवारची गर्दी ती वाहून नेईल, अशी अपेक्षा तिच्याकडून कोणी करू नये.

गर्दी वाहून नेण्याचे काम खरे तर शटलचे, म्हणजे त्याच रुळांवर फक्त अमन लॉज ते माथेरान एवढ्याच टप्प्यात ये-जा करणाऱ्या गाडीचे आहे. दस्तुरीच्या वाहनतळापासून अमन लॉज चालत काही मिनिटांवर आहे, शटल वीसेक मिनिटांत बाजारपेठेत आणून सोडते आणि मुख्य म्हणजे ती पावसाळ्यातही चालते. म्हाताऱ्या माणसांसाठी, लहान मुलांसाठी आणि सामानासाठी याहून स्वस्त आणि सोयीचे साधन माथेरानात नाही. असे असूनही दस्तुरीला उतरणाऱ्या नवख्या प्रवाशाला शटल आहे हे कळतच नाही किंवा कळते तेव्हा ती नुकतीच सुटलेली असते.

गेल्या मे महिन्यातील गोष्ट आहे. माझी थोरली बहीण नागपूरहून आली होती, पंचाहत्तरी उलटलेली. मी तिला आणि तिच्या सुनेला घेऊन गेलो. दस्तुरीला टॅक्सीतून उतरतो न उतरतो तोच एका गृहस्थांनी अदबीने पुढे येऊन, “काका, आज शटल बंद आहे, वर रुळांचे काम चालू आहे,” असे सांगितले. मी या वाटेने पन्नासदा गेलेला माणूस, तरी त्यांच्या आवाजातल्या खात्रीने फसलो. ताईंना घोड्यावर बसवले, सुनेने बॅगा दुसऱ्या घोड्यावर चढवल्या आणि मी मागून चालत निघालो. निम्म्या वाटेवर, रूळ पायवाटेजवळ येतात तेथे, मागून शटल शिटी वाजवीत आली आणि आम्हाला ओलांडून पुढे गेली. घोड्यावरून ताईंनी माझ्याकडे जे पाहिले, ते नोकरीतल्या एकाही साहेबाने मला कधी पाहिले नसेल. पैशांचे मला फारसे वाईट वाटले नाही. घोडेवाल्याने ताईंना फार जपून नेले आणि ठरले तेवढेच घेतले. मात्र बंद नसलेली गाडी बंद आहे म्हणून सांगता येते आणि ते खोटे ठरवणारा एकही फलक, खिडकी किंवा माणूस त्या जागी नजरेस पडत नाही, हे एखाद्या साध्या बसस्थानकावरही चालले नसते.

ही एकट्या माझी तक्रार आहे असे नाही. मार्च २०२५ मध्ये याच दिशाभुलीच्या विरोधात खुद्द माथेरानकरांनी बंद पुकारला होता. पर्यटक फसवला गेला की तो पुन्हा येत नाही आणि आपल्या ओळखीच्या दहा जणांनाही जाऊ नका म्हणून सांगतो, हे हॉटेलवाल्यांना आणि दुकानदारांना कळलेले आहे. दिशाभूल करणाऱ्यांवर कारवाई अवश्य व्हावी. तथापि जेथे खरी माहिती ठळकपणे लावलेली असते तेथे खोटी माहिती विकली जात नाही, हा स्थानकावरचा माझा अनुभव आहे आणि त्यासाठी पोलीस लागत नाहीत.

आता मुळापासून येऊ. मुंबईहून माथेरानला जाण्याचा सर्वांत स्वस्त आणि बेभरवशाचा नसलेला मार्ग कर्जत लोकलचा आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून साधारण दोन तासांत नेरळ येते. पुण्याकडून येणाऱ्याला कर्जतला थांबणारी गाडी धरून तेथून लोकलने नेरळला यावे लागते. नेरळपासून पुढे तीन साधने आहेत : मिनीट्रेन, माणशी भाड्याने जाणाऱ्या टॅक्सी आणि कर्जतहून नेरळमार्गे दस्तुरीपर्यंत जाणारी एसटीची मिनीबस. टॅक्सी भरल्याशिवाय सुटत नाही, ते त्या धंद्याला धरूनच आहे. त्यात चालकाचा दोष नाही. मिनीबसच्या फेऱ्या इतक्या थोड्या आहेत की तिच्या भरवशावर कोणी घरून निघत नाही, आणि कोणी निघत नाही म्हणून फेऱ्या वाढत नाहीत. एसटीत हे दुष्टचक्र मी अनेक मार्गांवर पाहिले आहे. ते फक्त एकाच उपायाने तुटते : काही महिने तोटा सोसून ठरलेल्या वेळेला गाडी सोडत राहायची, प्रवासी असोत वा नसोत.

हिशेब अवघड नाही. नेरळ ते दस्तुरी चढायला अर्धा तास, उतरायला तितकाच, दोन्ही टोकांना मिळून पंधरा मिनिटे थांबा, म्हणजे एक फेरी सव्वा तासाची. चार मिनीबस या एकाच मार्गाला बांधल्या तर सुमारे दर वीस मिनिटांनी एक गाडी नेरळहून सुटू शकते. गाडीत वीस माणसे धरली तर तासाला साठ. शनिवारी सकाळी ही संख्या पुरणार नाही हे मला कळते. उरलेले प्रवासी टॅक्सीनेच जातील, त्यामुळे टॅक्सीवाल्यांच्या पोटावर पाय येण्याचे कारण नाही. मात्र या चार गाड्या घड्याळाकडे न पाहता लोकलच्या येण्याकडे पाहून सोडल्या गेल्या पाहिजेत. लोकल दहा मिनिटे उशिरा आली तर मिनीबसही दहा मिनिटे थांबली पाहिजे. ‘जोड’ म्हणतात ती ही, आणि एका स्थानकावर बसलेल्या एका नियंत्रकाला हातात फोन असला की ती सहज साधते.

हे झाले नाही तर लोक आपापल्या मोटारी घेऊन घाट चढतात आणि सध्या तेच होत आहे. दस्तुरीचा वाहनतळ सुटीच्या दिवशी सकाळीच भरतो, मग गाड्या घाटाच्या कडेला लागतात, वरून येणाऱ्याला आणि खालून जाणाऱ्याला वाट उरत नाही आणि माथेरानला जाण्यासाठी दोन तासांत नेरळ गाठलेला माणूस पुढच्या आठ किलोमीटरला तितकाच वेळ खर्चतो. यावर वाहनतळ मोठा करा, ही मागणी दर वर्षी होते. वरच्या सपाटीवरची झाडे तोडून मोटारींना जागा करायची आणि मग त्याच झाडांच्या सावलीसाठी लोकांना बोलवायचे, यात काय शहाणपण आहे ते मला उमजत नाही. त्यापेक्षा खासगी मोटारींसाठी घाटाच्या पायथ्याशी, नेरळच्या बाजूला जागा शोधावी आणि तेथून मिनीबस व टॅक्सी सोडाव्यात. नेरळकर या सूचनेवर मला चार शब्द सुनावतील, कारण त्यांच्या गावातल्या रस्त्यांची अवस्था मी जाणतो. म्हणूनच ही जागा गावाबाहेर आणि पैसे मोजून घेतलेली असावी.

दस्तुरीच्या पुढे मोटार नाही, ही माथेरानची खरी मिळकत आहे. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, त्याच्या कितीतरी आधीपासून येथे मोटारींना बंदी आहे. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर अडीच-तीन किलोमीटरची ही वाट पायी, घोड्यावर, शटलने किंवा हातरिक्षाने पार करायची, असा शिरस्ता होता. त्यांतील हातरिक्षा हे दृश्य मला लहानपणापासून पाहवत नसे. चढावर एक माणूस पुढून ओढतो, दोघे मागून ढकलतात आणि आत बसलेला चौथा मोबाइलवर चित्रण करतो. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने ही पद्धत सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर सरकारने ई-रिक्षा घेऊन त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात, परिसरातील आदिवासी महिलांचाही विचार व्हावा आणि निधी नाही ही सबब पुढे करू नये, असे त्यात स्पष्ट केले. दस्तुरी ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक चालतील, पण आतल्या वाटांवर ते बसवू नयेत, हा त्याच आदेशातला भाग मला तितकाच मोलाचा वाटतो.

ई-रिक्षांची संख्या किती असावी, यावर वाद चालतच राहील. माझे मत असे की, संख्येपेक्षा त्या कोणासाठी आहेत हे आधी ठरवावे. शाळेत जाणारी माथेरानची मुले, आजारी माणसे, वृद्ध आणि अपंग प्रवासी यांचा हक्क पहिला. धडधाकट तरुणांची टोळी रिक्षासाठी रांगेत उभी राहिली तर तिला शटलच्या खिडकीकडे किंवा पायवाटेकडे वळवायला कोणीतरी असावे. घोड्यांचा प्रश्न वेगळा आहे. चारशेच्या वर परवानाधारक घोडे आणि त्यांवर जगणारी कुटुंबे एका आदेशाने दुसऱ्या धंद्यात जाऊ शकत नाहीत, आणि जाऊही नयेत. आतल्या वाटांवर घोड्याची रपेट हे माथेरानचे जुने वैशिष्ट्य आहे. मात्र दस्तुरी ते बाजारपेठ ही गरजेची वाहतूक आणि पॉइंट पाहण्यासाठीची रपेट यांचे दर वेगवेगळे ठळक लावलेले असावेत.

एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, ती म्हणजे सामान. दस्तुरीला तासभर उभे राहून पाहिले तर लक्षात येते की निम्म्याहून अधिक लोक घोडा किंवा रिक्षा करतात ते पाय थकले म्हणून करत नाहीत. चाके लावलेली बॅग त्या लाल मातीच्या, दगडगोट्यांच्या वाटेवर दहा पावले ओढली की तिची चाके निखळतात, म्हणून ते करतात. हमाल मिळतात, पण दर ठाऊक नसल्याने लोक बिचकतात. दस्तुरीला सामान सोपवायचे, पावती घ्यायची आणि ते आपल्या मुक्कामाच्या हॉटेलवर ठरावीक दरात पोहोचते करायचे, अशी सोय नगरपरिषदेने हमालांच्या आणि मालवाहू घोडेवाल्यांच्या मदतीने केली तर बहुसंख्य प्रवासी ती वाट हसत चालतील. वाट सावलीची आहे, चढ बेताचा आहे आणि पाऊण तासात बाजारपेठ येते.

वर गेल्यावर पाहण्याच्या जागांसाठी पाय हेच वाहन पुरे आहे, असे मी अनुभवाने म्हणतो. येथे तीस-पस्तीसहून अधिक पॉइंट मोजले जातात, आणि ‘सात पॉइंट’, ‘बारा पॉइंट’ असे त्यांचे गठ्ठे करून विकले जातात, त्यामुळे आपण काहीतरी चुकवतो आहोत या धास्तीने लोक घोड्यावर बसून धावतात. प्रत्यक्षात शार्लोट तलाव, शेजारचे पिसरनाथाचे देऊळ, एको पॉइंट आणि लुईसा पॉइंट एका सकाळी रमतगमत पायी होतात. पॅनोरमा उत्तर टोकाला असल्याने त्यासाठी मात्र स्वतंत्र अर्धा दिवस हवा. गुडघे दुखत असतील तर तेथे घोडा जरूर करावा. धोधाणीकडून सनसेट पॉइंटला, चौककडून वन ट्री हिलला किंवा भिवपुरीकडून गारबेटला चढून येणाऱ्या वाटाही आहेत. परिसरातले आदिवासी बांधव भाजी-दूध घेऊन डोंगरवाटांनी चढत आले आहेत. पावसाळ्यात नवख्याने त्या वाटांना वाटाड्याशिवाय जाऊ नये.

रोपवेची चर्चा वर्षानुवर्षे ऐकतो आहे. तो होईल तेव्हा होवो. तोपर्यंत जे आहे त्याचा मेळ घालायला मोठा खर्च लागत नाही. नेरळ स्थानकात लोकलमधून उतरल्याबरोबर दिसेल असा एकच मोठा फलक हवा. त्यावर आज मिनीट्रेन आहे की नाही, शटलच्या दोन्ही दिशांच्या वेळा, मिनीबसच्या वेळा, टॅक्सीचे माणशी भाडे, दस्तुरीला द्यावा लागणारा प्रवासी कर, घोडा, ई-रिक्षा आणि हमाल यांचे दर, आणि पायी किती वेळ लागतो, हे सगळे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत असावे. तसाच दुसरा फलक दस्तुरीला, उतरल्या ठिकाणी हवा. शटलचे तिकीट नेरळच्या खिडकीवर लोकलच्या तिकिटासारखेच सहज मिळावे. आणि संध्याकाळची शेवटची शटल, शेवटची मिनीबस व नेरळहून मुंबईकडे जाणारी लोकल यांच्यात किमान अर्ध्या तासाचे अंतर राखले जावे, म्हणजे परतणारा माणूस शेवटचा अर्धा दिवस धाकधुकीत घालवणार नाही.

फलक रंगवायला एक दिवस पुरतो. त्यावर काय लिहायचे हे ठरवण्यासाठी मात्र रेल्वे, एसटी, नगरपरिषद, टॅक्सी संघटना, रिक्षाचालक आणि अश्वपाल यांना एका टेबलाभोवती बसावे लागेल. जिल्हा प्रशासनाने ही बैठक मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी सकाळी अकरा वाजता माथेरानच्या बाजारपेठेत ठेवावी आणि सर्व सदस्यांनी तेथे सरकारी मोटारीऐवजी लोकलने नेरळला उतरून, स्वतःची बॅग स्वतः घेऊन यावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, बदलापूर